गुरांचा विमा बुळकांडीपुढे का कोसळला? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा हिशेब

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गुरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या होत्या, खेडोपाडी गाय पाळणाऱ्यांचे क्लबही होते. मग १८६५ ला बुळकांडीची (गुरांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा रोग, इंग्रजीत रिंडरपेस्ट) साथ आली तेव्हा भरपाईसाठी कायदा का करावा लागला? आणि त्या कायद्यानेही आजारी जनावराची अर्धीच किंमत का दिली?

आधी थोडक्यात सांगतो. एकेक जनावर आपापल्या कारणाने मरते तोवर विमा चालतो. एकामुळे दुसरे मरायला लागले की हप्त्याचे गणित मोडते. आणि अर्धी भरपाई हा सरकारचा कंजूषपणा नव्हता. मालकाने आजार लपवू नये म्हणून तो आकडा मुद्दाम तसा ठेवला होता. ‘इंग्रज शेतकऱ्यांना विमा ठाऊकच नव्हता’ असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे. ठाऊक होता, आणि त्यात हातही पोळले होते.

सुरुवात खालच्या थरापासून करू. शेतमजूर, छोटे कूळ, गावातला सुतार किंवा लोहार अशा माणसांकडे एक-दोन गाई असत. गाय गेली की घरातले दूध, लोणी आणि वासराचे पैसे सगळेच जाई. लिंकनशर, चेशर अशा भागांत या लोकांनी काऊ क्लब काढले होते. बऱ्याच ठिकाणी जमीनदाराचाही त्याला आधार असे. नियमांचा साचा गावोगाव साधारण सारखाच. प्रवेश फी, मग दर गाईमागे ठरावीक वर्गणी. क्लबचे दोन-तीन पंच गोठ्यात येऊन गाय पाहत: दात, कास, चारही सडांतून दूध येते का, खोकते का, रवंथ नीट करते का. पसंत पडली की शिंगावर क्लबच्या अक्षरांचा डाग देत. हा डाग म्हणजेच विम्याची पावती. मेलेली गाय दुसरीच निघाली असा वाद मग उरत नसे. म्हातारी गाय घेत नसत. गाय आजारी पडली की लगेच पंचांना कळवायचे; ती वाचत नाही असे त्यांना वाटले तर मरायच्या आत कापायची, म्हणजे मांस आणि कातडे विकले जाई आणि ते पैसे क्लबच्या खात्यात येत. भरपाई पूर्ण किमतीची सहसा नसे. काही हिस्सा मालकाच्या अंगावर राहीच, आणि गावातल्या हुशार माणसांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता.

या क्लबांना कोणत्या मृत्यूंचे पैसे द्यावे लागत? व्यायल्यावर येणारा दुग्धज्वर हा मोठा खर्च. चांगली दुभती गाय व्याल्यानंतर दिवस-दोन दिवसांत आडवी होई, मान बरगडीकडे वळवून पडून राही, आणि निम्म्याहून अधिक गाई मरत. १८९७ ला डेन्मार्कच्या श्मिट यांनी कासेत औषध भरण्याचा उपाय काढेपर्यंत त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. दुसरे कारण पोटफुगी. दवाने ओल्या क्लोव्हरच्या (एक हिरवा चारा) रानात भुकेली गाय सोडली की तासाभरात डावी कूस ढोलासारखी ताणते. वेळेवर नळी टोचून वायू काढला तर वाचते. शिवाय अडलेले वासरू, लाल लघवी, खड्ड्यात पडून मोडलेला पाय. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: तुमच्या गाईला दुग्धज्वर झाला म्हणून माझ्या गाईला होत नाही.

हिशेबासाठी एक कल्पित क्लब घेऊ. ८० गाई, प्रत्येकीची किंमत १२ पौंड, भरपाई दोन तृतीयांश म्हणजे ८ पौंड. वर्षाला तीन गाई मेल्या तर २४ पौंड, म्हणजे ४८० शिलिंग. ८० गाईंवर वाटले की गाईमागे वर्षाला ६ शिलिंग. मांस-कातड्याचे पैसे आले तर त्याहूनही कमी. मजुराला हे झेपते. आता त्याच गावात बुळकांडी शिरली असे धरा. ४० गाईंना लागण झाली आणि ३४ मेल्या. देणे २७२ पौंड. ८० गाईंवर वाटले तर गाईमागे ६८ शिलिंग, म्हणजे गाईच्या किमतीच्या पाव भागाहून जास्त. पण वर्गणी भरायला ८० गाई उरल्यात कुठे? वाचलेल्या ४६ गाईंवर ते ओझे टाकले तर गाईमागे सुमारे ११८ शिलिंग, जवळपास अर्धी गाय. त्यात मांस विकता येत नाही, कातडेही गेले. ज्याची गाय वाचली तो अशा वेळी क्लबमध्ये थांबतच नाही. छोट्या क्लबचा दोष हाच की सगळे सभासद एकाच पाणवठ्यावरचे. जोखीम वाटून घेण्याऐवजी सगळ्यांनी एकच जोखीम पुन्हा पुन्हा घेतलेली असते.

मोठ्या कंपन्यांचे घोडे दुसऱ्याच ठिकाणी अडले. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांच्या १८४२ च्या जकात सुधारणेने परदेशी जिवंत गुरांच्या आयातीवरची बंदी उठली. लाळ्या-खुरकूत त्याआधीच, १८३९ ला, इंग्लंडमध्ये आलेला होता. पाठोपाठ प्लूरोन्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा सांसर्गिक दाह, पसरला. १८४० च्या दशकात गुरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या आणि परस्पर-विमा मंडळ्या निघाल्या, आणि त्यांपैकी अनेकींचे दिवाळे याच फुप्फुसाच्या रोगाने काढले.

हा रोग विमेदाराचा वैरी का, हे नीट पाहण्यासारखे आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे विमा उतरवताना निरोगी दिसणारी गाय आतून बाधित असू शकते. पंधरा दिवस थांबून मग विमा लागू करायचा, असा नियम केला तरी तो इथे तोकडा. पुढे गाय सकाळी उठताना कोरडा, दबलेला खोकला देते, दूध उतरते, कोपरे बाहेर काढून मान लांबवून उभी राहते. निम्म्याच्या आसपास मरतात. उरलेल्यांतल्या काही बऱ्या झाल्यासारख्या दिसतात. पण फुप्फुसाचा मेलेला तुकडा आत वेष्टणात बंद होऊन राहतो आणि महिन्यांनंतरही अशा गाईकडून दावणीतल्या शेजारणीला रोग लागू शकतो. कंपनीच्या वहीत हे कसे दिसते? एकाच गोठ्यातून आज एक दावा, तीन आठवड्यांनी दुसरा, महिन्याने दोन. वर्षभर संपतच नाही. आणि शेजारच्या शेतात खोकला ऐकू आला की नेमका तोच शेतकरी विमा घ्यायला येतो. गावचा एजंट दलालीवर काम करणारा. तो कशाला नाही म्हणेल?

लंडनच्या गोठ्यांत हे सगळ्यात उघड दिसे. तिथला गवळी ताजी व्यालेली गाय इस्लिंग्टनच्या बाजारातून घेई, बिअरच्या भट्टीतला चोथा आणि मुळे खाऊ घालून महिनोन्‌महिने पिळून घेई आणि आटली की खाटकाला देई. दर आठवड्याला नवे जनावर, अंधारे आणि कोंदट गोठे. तिथे शहाणा गवळी विम्याच्या भानगडीत पडतच नसे. त्याचा विमा म्हणजे खाटीक: पहिला खोकला ऐकला, दूध शेरभर कमी आले, की त्याच दिवशी गाय गाडीत. जॉन गॅमजी या पशुवैद्याने १८६२ च्या सरकारी चौकशीत अंदाज दिला होता की विकल्या जाणाऱ्या मांसापैकी सुमारे एक पंचमांश रोगी जनावरांचे आहे. आकडा थोडा वरखाली असेल, पण रोगी जनावर विकणे हाच त्या काळातला सर्वात चलतीचा ‘विमा’ होता, हे त्यातून कळते. ज्यांना हा रस्ता जमत नसे, ज्यांची गुरे बाजारापासून लांब, तेच कंपनीकडे येत. कंपनीच्या वाट्याला मग वाईट तेवढीच जोखीम उरे.

याच गॅमजींनी १८६३ ला हॅम्बुर्गमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय पशुवैद्यक परिषद भरवली आणि रशियाकडून बुळकांडी येणार हे सांगितले. कोणी मनावर घेतले नाही. मे १८६५ च्या अखेरीस रेवेल (तेव्हा रशियात, आजचे टालिन) बंदरातून गुरांचे एक जहाज इंग्लंडच्या हल बंदरात लागले. जूनमध्ये त्यातली गुरे लंडनच्या बाजारात विकली गेली आणि महिनाअखेरीस लंडनच्या गोठ्यांत गाई पटापट मरू लागल्या. रॉयल व्हेटरिनरी कॉलेजचे प्राध्यापक सायमंड्स यांनी रोग ओळखला. पण तोवर आठवडी बाजार आणि रेल्वेने तो देशभर नेऊन सोडला होता.

बुळकांडीची चाल फुप्फुसाच्या रोगाच्या अगदी उलट. लागणीनंतर आठवडाभरात ताप, मग डोळ्या-नाकातून घाण, हिरड्यांवर कोंड्यासारखे चट्टे, दुर्गंधी हगवण, आणि पहिल्या लक्षणापासून साधारण आठवड्याभरात मृत्यू. शंभरांत ८० ते ९० जनावरे दगावतात. बर्डन सँडरसन या डॉक्टरांनी रॉयल कमिशनसाठी (साथीच्या चौकशीला नेमलेला सरकारी आयोग) केलेल्या प्रयोगांत एक फार उपयोगी गोष्ट सापडली: तोंडात काही दिसण्याच्या दिवस-दोन दिवस आधी अंगाचे तापमान १०४-१०५ फॅरनहाइटवर जाते. थर्मामीटर हातात असलेला माणूस मालकाच्या आधी रोग ओळखू शकत होता. पण थर्मामीटर वापरणारे निरीक्षक होते किती? बहुतेक ठिकाणी लोक गोठ्यात कांदे टांगत होते. जानेवारी १८६६ मध्ये तर हा रोग देवीसारखाच आहे असा समज होऊन गाईंना देवी टोचण्याची लाट आली. टोचलेल्या गाईही तशाच मेल्या.

सरकारची पहिली चूक भरपाईचीच. १८६५ च्या उन्हाळ्यातल्या आदेशांनी निरीक्षकांना रोगी जनावर मारण्याचा अधिकार दिला, पैसे मात्र दिले नाहीत. परिणाम जो व्हायचा तोच झाला. निरीक्षक येणार हे कळताच आजारी गाय रात्रीतून बाजाराकडे, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या तिच्या दावणीतल्या सोबतिणी तर राजरोस विक्रीला. शरद ऋतूत जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या विमा मंडळ्या उभ्या राहिल्या, पण वर दाखवलेले गणित त्यांनाही चुकले नाही. ज्या जिल्ह्यात रोग नाही तिथले शेतकरी ‘आपल्याकडे कुठे येतोय’ म्हणून बाहेर राहिले. जिथे आला तिथे पैसे संपले. नमुनेदार काम एकट्या ॲबर्डीनशरने केले, आणि तो भाग स्कॉटलंडमधला. तिथल्या मंडळाने जमीनदार आणि कुळे दोघांकडून पैसा उभा केला, रोगी आणि संपर्कातली जनावरे ताबडतोब मारली, मालकांना मोबदला दिला आणि कायदा होण्याआधीच रोग आटोक्यात ठेवला. नाव मंडळाचे, काम मात्र विम्यापेक्षा कराच्या जवळचे.

रॉयल कमिशनच्या बहुमताने ऑक्टोबर १८६५ अखेरच्या अहवालात सांगितले होते की काही काळ गुरांची हालचाल देशभर पूर्ण थांबवा. सरकारने ते स्थानिक न्यायाधीशांवर सोडले. एका परगण्यात बाजार बंद, शेजारच्यात चालू. फेब्रुवारी १८६६ च्या उत्तरार्धात नव्या लागणीचा आकडा आठवड्याला सुमारे १८ हजारांवर गेला. २० फेब्रुवारीला कॅटल डिसीजेस प्रिव्हेन्शन ॲक्ट लागू झाला.

या कायद्यातले भरपाईचे दर पाहा. रोगी जनावर मारले तर आजारापूर्वीच्या किमतीच्या निम्मे, कमाल २० पौंड. रोग्याच्या संपर्कातले निरोगी जनावर मारले तर तीन चतुर्थांश, कमाल २५ पौंड. रोगी मारणे सक्तीचे. संपर्कातल्यांचा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांकडे. आणि पैसे मिळणार ते मारलेल्या जनावराचे, आपोआप मेलेल्याचे नव्हे.

दहा गाईंचा गोठा घ्या, प्रत्येकी १६ पौंड. पहिली गाय आजारी पडताच कळवले आणि सगळा गोठा मारला तर ८ अधिक नऊ गुणिले १२, एकूण ११६ पौंड. ‘बघू, बरी होईल’ म्हणत आठवडा घालवला, तीन मेल्या, तीन आजारी, चार अजून उभ्या, तर शून्य अधिक २४ अधिक ४८, म्हणजे ७२ पौंड. थांबण्याची किंमत ४४ पौंड. हे गणित अडाणी शेतकऱ्यालाही एका संध्याकाळीत कळे. भरपाई पूर्ण दिली असती तर? मग मांसाचे भाव पडले असताना किंवा गाय भाकड असताना मालकाला रोग यावा असेच वाटले असते. शून्य दिली तर लपवाछपवी, पूर्ण दिली तर हयगय. निम्मा आणि पाऊण यांमधला फरक हाच कायद्याचा खरा जीव. नियम मोडणाऱ्याची भरपाई रोखण्याची मुभाही होती.

पैसा आला स्थानिक करातून. कुळाला त्यातला अर्धा भाग खंडातून वजा करता येई, म्हणजे जमीनदारही अडकला. माझ्या मते कायद्याचा कच्चा दुवा हाच. ज्या परगण्यात सर्वात जास्त गाई मेल्या तिथलाच कर सर्वात जड. चेशर हा चीज करणाऱ्यांचा मुलूख, गाई दाटीवाटीने. साथीचा सर्वात मोठा फटका त्यालाच बसला आणि कर्ज काढून भरपाई देण्याची पाळीही त्याच्यावर आली. म्हणजे काऊ क्लबचेच दुखणे, फक्त मोठ्या आकारात. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचे कॉमन्समधले (ब्रिटिश संसदेचे कनिष्ठ सभागृह) पहिले भाषण याच विधेयकावर झाले. त्यांचा आणि दुसरे खासदार रॉबर्ट लो यांचा आक्षेप असा की गुरे कमी झाली की भाव वाढणार आणि शेतकऱ्यांना भरपाई बाजारातूनही मिळणार. मग दोनदा कशाला? ज्याची दोन-चार गुरे वाचली त्याच्या बाबतीत हे खरे. ज्याचा गोठाच रिकामा झाला त्याला चढा भाव काय कामाचा? उलट नव्या गाई त्याला त्याच चढ्या भावाने घ्यायच्या होत्या.

कत्तलीनंतरचे काम किळसवाणे आणि महाग. कातडे जागोजाग चिरून टाकायचे, नाहीतर रात्री कोणीतरी उकरून काढी. खोल खड्डा, वर चुनकळी, त्यावर कित्येक फूट माती. गोठ्याच्या भिंती आणि गव्हाणी धुऊन चुन्याने किंवा कार्बोलिक ॲसिडने निर्जंतुक करायच्या. रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी कमिशनसाठी कार्बोलिकचा जोरदार पुरस्कार केला होता. शेण, गवताचे बिछाने, रेल्वेचे डबे हे लोक विसरत आणि रोग पुन्हा डोके काढी.

जूनअखेर आठवड्याचा आकडा शेकड्यांत आला, सप्टेंबर १८६७ मध्ये साथ संपली. अधिकृत नोंदीत सुमारे २ लाख ७९ हजार जनावरांना लागण; नोंदीबाहेरचे धरून नुकसान ४ लाखांच्या वर गेले असा अंदाज सर्रास दिला जातो. श्रेय कत्तलीचे की हालचालबंदीचे, यावर अजून वाद आहे. माझा कल हालचालबंदीकडे, कारण कत्तल सुरू होईपर्यंत गोठ्यातले बहुतेक आधीच बाधित असत. पण भरपाईशिवाय रोगाची खबरच आली नसती, आणि खबरीशिवाय बंदी कुठे लावणार?

पुढचे थोडक्यात. १८६६ मध्येच गुरांच्या विमा मंडळ्यांना नोंदणीची सोय करणारा कायदा झाला आणि १८७५ च्या फ्रेंडली सोसायटीज ॲक्टमध्ये (परस्पर-मदत मंडळ्यांचा कायदा) त्यांचा वेगळा वर्ग धरला गेला. फुप्फुसाच्या रोगासाठी १८७८ च्या कायद्यात सक्तीची कत्तल होती, पण काम स्थानिक अधिकाऱ्यांकडेच, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. १८९० मध्ये ते बोर्ड ऑफ ॲग्रिकल्चरकडे (मध्यवर्ती सरकारचे शेती खाते) गेले, पैसा मध्यवर्ती तिजोरीतून आला, संपर्कातले कळप सरसकट मारले गेले, आणि १८९८ मध्ये रोग ब्रिटनमधून गेला. पन्नासेक वर्षे विम्याला जे जमले नाही ते आठ वर्षांत झाले. लाळ्या-खुरकुताच्या वाट्याला विमा गेलाच नाही. त्यात मोठी जनावरे फार मरत नाहीत, दूध आणि वजन जाते. आणि पॉलिसी होती ती मृत्यूची.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींवर नेमलेल्या कमिशनने १८७१ ला अहवाल दिला, आणि त्यातून पुढे १८८९ ला पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. १८९३ ला ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली. बुळकांडीवरचे भारतातले मोठे काम तिथलेच. जगातून हा रोग गेल्याची घोषणा २०११ ला झाली.

या विषयावर जुन्या वह्या चाळणाऱ्यांसाठी एक सूचना. काऊ क्लबच्या हिशेबात १८६६ च्या आसपास देणे कमी दिसले तर ‘या गावात साथ आली नाही’ असे लगेच मांडू नका. आधी सभासदांच्या गाईंची संख्या पाहा. ती एकदम घटली असेल तर क्लबने पैसे देणे थांबवले होते, किंवा गाई परगण्याच्या भरपाईत गेल्या. तीच नावे परगण्याच्या भरपाई नोंदीत शोधा. आणि मांस-कातड्याच्या जमेचा रकाना बघा: एरवी दर मृत्यूमागे काही शिलिंग जमा होत असताना तो ओळीने कोरा असेल, तर त्या गाई पुरल्या गेल्या असण्याची शक्यता सर्वात जास्त.